हमीदभाई आणि धुतलेले दगड

अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी रुजू झाले, त्या दिवशी माझ्याशी सगळ्यात आधी कोणी बोललं असेल तर ते हमीदभाई. मला दिलेल्या टेबलावरून त्यांनी आधी अंगठा फिरवला, मग तर्जनी, मग सगळा तळहात, आणि म्हणाले, "मॅडम, टेबल चार नंबर हाये. कागद घसरतीन. वर वजन ठेवत जा."

मी सांगलीची. दोन गाड्या बदलून, अंगावर धूळ घेऊन आलेली. मला वाटलं सरकारी सामानाला नंबर टाकलेले असतात तसं काही असेल. म्हणून मी वाकून टेबलाच्या खाली नंबर शोधायला लागले. हमीदभाई हात मागे बांधून शांतपणे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खाली नाई. वरच हाये."

तळमजल्यावरच्या खडक-प्रयोगशाळेत ते सहायक होते. कागदोपत्री ती प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आली, पण ती कोणाची आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती, माझ्याही नाही. आठवड्याभरात मी किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली आणि आमचं जमलं.

त्या नंबरांची गोष्ट अशी. अख्खा दगड सहसा दगा देत नाही. दगा देतात ते त्याच्यातले सांधे, म्हणजे खडकाला आरपार गेलेल्या भेगा. डोंगर कापला की वरचा खडक या सांध्यावरून घसरणार की टिकणार, हे बरंचसं सांध्याचे दोन्ही चेहरे किती खरबरीत आहेत यावर ठरतं. ते मोजायला आमच्याकडे दहा रेघांचा एक तक्ता असतो. पहिली रेघ जवळजवळ सरळ, शेवटची करवतीच्या दातांसारखी, आणि नंबर शून्यापासून वीसपर्यंत. बारीक तारांची एक फणी दगडावर दाबायची, तिच्यावर दगडाचा आकार उमटतो, तो तक्त्याशी ताडून बघायचा. हमीदभाई आधी बोट फिरवून नंबर सांगायचे आणि मग आमच्या समाधानासाठी फणी लावू द्यायचे. बोट आणि फणी यांचं जुळलं नाही तर फणीचे दात झिजलेले असायचे.

एकदा हा नाद लागल्यावर माणूस दगडांवर थांबत नाही. त्यांच्या बायकोची, शाहिदाभाभींची, भाकरी बारा नंबर. अमरावती ते नांदगाव पेठ रस्ता एकोणीस, आणि पावसाळ्यात तक्त्याच्या बाहेर. आमचे विभागप्रमुख देशमुख सर दोन. "चांगला माणूस हाये," हमीदभाई आवाज खाली आणून सांगायचे, "पण त्यायच्यावर काई टिकत नाई. सांगतलं का घसरलं." मला त्यांनी बरेच दिवस नंबर दिला नाही. मी एकदा सहज विचारल्यासारखं करून विचारलं, तर म्हणाले, "तुमी पुण्याकडच्या. अजून पॉलिश उतरलं नाई, खालचं दिसून नाई राहिलं." सांगली पुण्याकडे नाही, हे त्यांना मी शेवटपर्यंत पटवू शकले नाही.

त्यांचे वडील परतवाड्याच्या आसपासच्या गावांतून जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावत फिरायचे. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की पीठ पडत नाही. मग छिन्नीनं त्याला पुन्हा दात काढायचे. हमीदभाई म्हणायचे, "माह्या बापानं दगड खरबडीत करून पोट भरलं. मी थे किती खरबडीत हाये हे मोजून भरून राहिलो. काम एकच हाये. फक्त याले पेन्शन हाये."

सांध्याच्या दगडाचे नेहमी दोन भाग असतात, वरचा आणि खालचा. त्यांचे उंचसखल दात एकमेकांतच बसतात, तिसऱ्याशी जमत नाही. हमीदभाईंच्या भाषेत ती जोडपी. प्रत्येक जोडपं सुतळीनं बांधलेलं, वर रंगानं नंबर, आणि सुतळी कोणी सोडायची नाही. एका उन्हाळ्यात ते रजेवर असताना चुना मारणारे आले. त्यांनी मोठ्या मायेनं सगळ्या सुतळ्या सोडल्या आणि दगड आकाराप्रमाणे रचून ठेवले. सगळे वरचे एका भिंतीला, सगळे खालचे दुसऱ्या. हमीदभाई परत आले, दारातून आत बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली. पुढचे चार दिवस ते फरशीवर मांडी घालून एकेक दगड दुसऱ्यावर ठेवत होते, फिरवत होते, आणि दात बसल्याचा बारीक आवाज आला की सुतळी बांधत होते. शेवटी एक खालचा दगड एकटाच उरला. त्याचा जोडीदार सापडला देशमुख सरांच्या खोलीत. वाऱ्यानं दार लागू नये म्हणून कोणीतरी तो दाराला लावला होता. सर पाहुण्यांशी बोलत होते. हमीदभाई आत गेले, वाकून दगड उचलला आणि म्हणाले, "सर, याची बायको आठ दिवसापासून वाट पाहून राहिली." ते बाहेर पडले आणि त्यांच्यामागे दार धाडकन लागलं.

मुलांना शिकवायचं काम खरं तर माझं. पण मी फळ्यावर लिहिलेलं मुलांना समजायचं नाही आणि हमीदभाईंनी यंत्रापाशी सांगितलेलं समजायचं, हे मी पहिल्याच वर्षी मान्य केलं. ते जोडपं यंत्रात बसवायचे, वर थोडं वजन ठेवायचे आणि बाजूनं ढकलायला लागायचे. "पाहा. वजन कमी हाये तं वरचा दगड दातावर चढून पुढं जाते. चढून राहिला, दिसलं? आता वजन वाढोतो. आता त्याले चढता येत नाई. मंग दात तोडून जाते." कड् असा आवाज यायचा. जोर दाखवणारा यंत्राचा काटा वर जाऊन खाली यायचा. ज्यांनी काट्याकडे पाहिलं नाही ती पोरं म्हणायची, परत एकदा करून दाखवा. त्यावर हमीदभाई हात पुसत सांगायचे, "दात पडल्यावर काय परत? दगड एकदाच सांगते. तवा तुमी खिडकीबाहेर पाहून राहिले होते." मग पोरं मागच्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवायची, आणि हमीदभाई वहीवर नुसती नजर टाकून ओळखायचे. "हे आकडे ज्या दगडाचे हायेत थो आता बगिच्यात गुलाबाखाली हाये."

इतक्या गुणी माणसाचा एक दोष होता, स्वच्छता. पांढरा सदरा, पांढरा रुमाल, आणि फरशी अशी की मॅडम असूनही मी चपला बाहेर काढायचे. दगडाशी जन्माचं नातं असलेल्या माणसाला मातीचा इतका राग का, हे मला कधी समजलं नाही. चिखल लागलेला नमुना आला की त्यांचा चेहरा पडायचा. आम्ही सगळे त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. ती चेष्टाच होती, कारण त्या सवयीनं काही बिघडू शकेल हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

बार्शीटाकळीच्या पुढे टेकड्यांमध्ये एका छोट्या धरणाचं काम चाललं होतं. शतक बदलल्यानंतरची ती वर्षं. वऱ्हाडातल्या कापसाच्या गावांबद्दल पेपरात रोज काही ना काही असायचं, आणि ते वाचून सकाळचा चहा कडू व्हायचा. सरकारला त्या भागात कामं काढायची घाई होती. धरणाच्या सांडव्यासाठी टेकडी उभी कापायची होती आणि ती कापायला आजूबाजूच्या गावांतली माणसं होती. सगळी शेतकरी. कपाशी दोन-तीन हंगाम हातची गेलेली, तेव्हा आता घमेली उचलत होती. बायका, माणसं मिळून चाळीसेक जण. टेकडी किती उभी कापली तर चालेल, हे ठरवायला तिथल्या सांध्यांचे दगड आमच्याकडे तपासायला येणार होते.

पहिली खेप घेऊन आला नामदेव. चाळिशीचा, त्याच कामावरचा मजूर. बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती, एसटीत पायाशी पोतं धरून. पोतं आमच्या फरशीवर टेकलं आणि लाल ओघळ थेट हमीदभाईंच्या टेबलापर्यंत गेला. हमीदभाईंनी पोत्यात डोकावलं. दगडांना ओली माती लडबडलेली होती.

"हे काय आणलं बापू? दगड आणले का चिखल? घरी पाव्हणा आला तं त्याले भाजी न धुताच वाढतं काय?"

नामदेव ओशाळला. "साहेबायनं दिलं तसंच आणलं, भाऊ."

"परत ने. साफ करून आण. मंग मी हात लावतो."

आणि तो माणूस ते ओझं उचलून खरोखरच परत गेला. मी तिथेच होते. मला हसू आलं होतं, हे मी लपवत नाही.

दहा दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी दगड धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेले, एकेक जोडपं वेगळं. इतके लख्ख की हमीदभाईंनी आपल्या थर्मासमधला चहा नामदेवला पाजला, जो ते देशमुख सरांनाही पाजत नसत. मग बोट फिरवलं. डोळे मिटले. "सोळा," ते म्हणाले. "मॅडम, अशी जोडी म्या दहा वर्षात नाई पायली." फणीनंही सोळाच सांगितलं. यंत्रात घातल्यावर दातांनी दातांना असं धरलं की काटा वर वर जात राहिला. अहवाल झाला. सांधा मजबूत, कडा जवळजवळ उभा कापायला हरकत नाही. खाली माझी सही, तिच्याखाली देशमुख सरांची. तिकडे कापायला सुरुवात झाली.

तीन आठवड्यांनी नामदेव दुसऱ्या बाजूचे दगड घेऊन आला. आता त्याची आणि हमीदभाईंची चांगली गट्टी होती. चहा बशीत ओतत तो म्हणाला, "काहो भाऊ, आता तं माती नाई ना दिसली कुठी? मागच्या खेपेले तीन बाया लावल्या होत्या. नाल्यावर नेले, काथ्यानं घासले. दातायच्या फटीत बसली होती थे काडीनं टोकरून काढली."

हमीदभाई बशी तोंडाशी नेत होते. ती तिथेच थांबली. "माती सांध्याच्या अंदर होती? दोन दगडायच्या मंधात?"

"मंग कुठं? अंदरच तं होती."

"कितीक?"

नामदेवनं करंगळी धरून दाखवली. "इतली जाड. लोण्यावानी मऊ. काढाले काई तरास नाई झाला."

हमीदभाईंनी बशी खाली ठेवली. चहा सांडला आणि फरशीवर पसरला, आणि त्यांनी तो पुसला नाही. तेव्हा मला कळलं काय झालंय ते. दातांच्या उंचीपेक्षा मातीचा थर जाड असेल तर दात दातांपर्यंत पोचतच नाहीत. मग सोळा नंबर असला काय आणि दोन असला काय, वरचा खडक मातीवरून जाणार, आणि ती माती भिजली तर आणखी सहज. आम्ही टेकडीची परीक्षा घेतली होती ती तिच्यातली माती काढून टाकून. जी टेकडी आम्ही तपासली ती तिथे नव्हतीच. मातीनं भरलेल्या सांध्यांवर मी दरवर्षी दोन तास शिकवत होते, आणि इतके लख्ख दगड कुठून आले हे मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

नामदेव आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. "माह्यं काई चुकलं काय?"

"नाई," हमीदभाई म्हणाले. "तुह्यं नाई. चहा पे."

ते सरळ देशमुख सरांकडे गेले. मी मागोमाग. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अहवाल तर गेला. आता चुकला म्हणून कसं कळवायचं? कॉलेजचं नाव आहे. नव्यानं नमुने मागवू, बघू काय येतं."

"सर, तिथी चाळीस माणसं खाली काम करून राहिले. आता, या टायमाले."

"पण लिहायचं काय?"

"कॉलेजचं नाव नोका लिहू. माह्यं लिहा. लिहा का हमीदनं दगड धुऊन मागोले. खरंच तं हाये."

त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. उभ्या नोकरीत त्यांच्या बोटाची चूक निघाली नव्हती, आणि ते हे त्या माणसाला सांगत होते ज्याच्यावर काही टिकत नाही असं त्यांचं मत होतं. देशमुख सरांनी कागद ओढला आणि उभ्या उभ्या पत्र लिहिलं. हमीदभाईंचं नाव घातलं नाही. आमच्या प्रयोगशाळेची चूक, काम ताबडतोब थांबवावं, असं लिहून सही केली. पुढे हमीदभाईंनी सरांचा नंबर दोनवरून सहावर नेला आणि तसं मला खासगीत कळवलं.

पत्र टपालानं पाठवण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघं आणि नामदेव तशीच अकोल्याची गाडी धरून निघालो. गाडीत हमीदभाईंनी सीटच्या दांड्यावरून बोटसुद्धा फिरवलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. कडा दोन मजल्यांइतका कापून झाला होता, उभा आणि सुबक, आणि त्याच्या पायथ्याशी बायका घमेली एकीकडून दुसरीकडे देत होत्या. तिथला तरुण इंजिनिअर भला होता. पत्र वाचलं आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना वर बोलावलं.

"किती दिवस बंद?" कोणीतरी विचारलं.

"पंधराक दिवस," हमीदभाई म्हणाले. "नवे दगड न्यायचे, न धुता. तपासायचे. मंग सांगतो."

तेव्हा किसन पुढे आला. उंच, हाडापेरानं मजबूत, खांद्यावर पंचा. "हा कडा पडत नाई. वीस दिवसापासून आमी खाली हाओत, एक खडा नाई आला. तुमी अमरावतीवरून येता अन् आमचं काम बंद करता. दगड तुमीच तपासला ना? तुमीच सांगतलं ना पक्का हाये?"

"बराबर हाये," हमीदभाई म्हणाले.

"मंग आता काहून पलटले? पंधरा दिवस पोरायले काय घालू? तुह्ये दगड शिजवू?"

"बराबर हाये."

"चूक तुमची अन् घरी आमी बसावं?"

"बराबर हाये, भाऊ."

ज्या माणसाकडे दाराच्या दगडापासून विभागप्रमुखापर्यंत प्रत्येकाला उत्तर होतं, त्याच्याकडे त्या संध्याकाळी एवढे दोनच शब्द होते. एका बाईनं विचारलं, दगड धुवायला सांगितलं कोणी? नामदेव तोंड उघडणार, तोच हमीदभाईंनी त्याच्या दंडाला धरलं. "म्या," ते म्हणाले. किसननं तिथे शिव्या दिल्या. मला त्या भाषेतल्या सगळ्या कळल्या नाहीत, पण बायकांनी पदर तोंडाला लावले होते.

दुसऱ्या दिवशी हमीदभाई स्वतः कड्यावर चढले. छिन्नी-हातोडा घेऊन, मजुरांना खाली थांबू न देता, त्यांनी तीन जोडपी मातीसकट काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. एक जोडपं अमरावतीपर्यंत मांडीवर घेऊन बसले. सदऱ्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल माती. शाहिदाभाभी पुढे कितीतरी दिवस सांगायच्या की त्यांनी नवऱ्याला दारात ओळखलंच नाही, पत्ता चुकलेला गवंडी समजून अमुक गल्ली पुढे आहे म्हणून सांगितलं.

यंत्रात वरचा दगड जरासुद्धा चढला नाही. एकही दात तुटल्याचा आवाज आला नाही. काटा थोडासा हलला आणि तिथेच पडून राहिला, आणि दगड मातीवरून निमूटपणे पुढे सरकला. हमीदभाईंनी यंत्र बंद केलं.

नव्या अहवालाप्रमाणे कडा उतरता, पायऱ्या पायऱ्यांनी कापायचं ठरलं. नकाशे बदलले, मंजुऱ्या आल्या, आणि पंधरा दिवसांचे अठ्ठावीस झाले. तेवढ्यात काही माणसं अकोल्याला हमालीला गेली, काही वीटभट्टीवर. किसननं बैल विकला असं नामदेव सांगत आला. त्या दिवशी हमीदभाई जेवले नाहीत.

त्यांना जे लागलं होतं ते मला हळूहळू समजलं. उभा कडा आता उरलाच नव्हता. तो पडला असता की नाही, हे कोणालाही, कधीही कळणार नव्हतं. एखाद्या दुपारी, काम नसताना, ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. "मॅडम, पडला असता ना थो?" मी म्हणायची, पडण्याची शक्यता बरीच होती. "शक्यता," ते म्हणायचे आणि मान हलवत परत जायचे. पावसाळा आला, गेला. उतरता कडा जिथल्या तिथे होता, त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. निरोप समारंभाच्या दिवशी देशमुख सर त्यांच्या बोटाबद्दल फार चांगलं बोलले, आणि शाल खांद्यावर असतानाच हमीदभाईंनी माझ्याकडे वाकून पुन्हा तेच विचारलं. मला फार वाईट वाटलं. खोटं बोलून एकदाचं हो म्हणावं असं वाटलं, पण त्यांनी ते ओळखलं असतं.

त्यानंतर काही वर्षांनी मुलांना धरण दाखवायला नेलं, तेव्हा मी त्यांना मुद्दाम बरोबर घेतलं. गुडघे दुखत होते तरी आले. सांडव्यापाशी पाच मिनिटं उभे राहिले, कशाला हात लावला नाही. परत येताना बार्शीटाकळीच्या स्टँडवर आम्ही अमरावतीच्या गाडीत बसलो. हमीदभाई खिडकीशी होते. खाली एक उंच माणूस बायकोबरोबर उभा होता, दाढी पिकलेली, हातात मेथीच्या जुड्यांची टोपली. त्यानं वर पाहिलं आणि तो तरातरा खिडकीशी आला. मी ओळखायच्या आत हमीदभाईंनी ओळखलं होतं. किसन.

"हाच थो," तो बायकोला म्हणाला, आणि तिच्यासकट सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. "याच्यापायी अठ्ठावीस दिवस घरी बसलो. तांबडा बैल गेला माहा. कडा पडन म्हणे. पडला काय? आजलोक खडा नाई पडला. दगड धुवाले लावते अन् मंग म्हणते काहून धुतले."

माझे विद्यार्थी उठून उभे राहिले. मी खिडकीकडे सरकले, त्याला समजावून सांगायला, माती, दात, वजन, सगळं. हमीदभाईंनी मागे न बघता हात आडवा धरला.

"बोलू द्या मॅडम," ते म्हणाले. "जिता हाये, थो बोलून राहिला ना. बोलू द्या त्याले."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तसा किसन बरोबरीनं चालायला लागला, बैलाचं झालं, मग बायकोच्या हालांचं, मग पुन्हा बैलाचं. हमीदभाई खिडकीतून अर्धे बाहेर वाकले होते, एक हात कानाशी धरून. स्टँडच्या फाटकापाशी किसन थांबला, पण त्याचं तोंड चालूच होतं. गाडी वळेपर्यंत ते तसेच वाकून ऐकत होते.